डी.ओ. विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि टीचिंग फेलोशिप : अर्ज कोणत्या क्रमानं करावेत

अमेरिकेतल्या डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजात प्रवेश मिळाला की बऱ्याच मराठी घरांत एकच गोष्ट घडताना दिसते. मुलं इंटरनेटवरून शिष्यवृत्त्यांची यादी काढतात आणि वरून खाली अर्ज भरत सुटतात. हजार-दीड हजार डॉलरच्या निबंधांत महिनेच्या महिने जातात, आणि ज्या योजनेतून सगळी फी निघाली असती तिची मुदत तोवर टळून जाते. दोन वर्षांनी दुसरी चूक होते. कॉलेजची टीचिंग फेलोशिप (वरच्या वर्गात असताना खालच्या वर्गांना शिकवण्याचं काम) म्हणजे फी माफ, एवढंच ऐकून होकार दिला जातो. पदवी एक वर्ष पुढे गेली आणि कर्जाचे हप्ते मध्येच सुरू झाले, हे नंतर कळतं.

दोन्ही चुकांचं मूळ एक आहे. पैसे कोणाचे आणि बदल्यात काय द्यायचं, हे आधी विचारलं जात नाही. खालचा क्रम त्या प्रश्नावर बेतलेला आहे.

एक खुलासा आधीच करते. हा लेख अमेरिकेतल्या डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, म्हणजे डी.ओ. पदवीबद्दल आहे. ही पदवी घेणारा तिथे एम.डी.सारखाच पूर्ण वाढीचा डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा भारतात जे ऑस्टिओपॅथीचे अभ्यासक्रम आहेत ते हातांनी करायच्या उपचारांचे आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना इथली एकही योजना लागू नाही.

टप्पा १ : आधी व्हिसा आणि नागरिकत्व तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण अर्धी यादी इथेच गळते.

तुम्ही अमेरिकन नागरिक असाल तर सगळे रस्ते खुले आहेत. ग्रीन कार्ड असेल तर सरकारी विद्यार्थी कर्ज मिळतं, पण सैन्यदलाची आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची (डॉक्टर कमी असलेल्या भागातल्या सेवेची सरकारी योजना) शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथे नागरिकत्वच लागतं. ग्रीन कार्डाची पाच वर्षं होत आली असतील तर नागरिकत्वाचा अर्ज वेळेत टाका. शिष्यवृत्तीच्या मुदतीआधी शपथविधी व्हायला हवा, नुसती अर्जाची पावती चालत नाही.

आईवडिलांच्या एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावर वाढलेल्या मुलांचा एच-४, म्हणजे अवलंबिताचा, दर्जा २१व्या वर्षी संपतो. त्यामुळे मेडिकलला जाईपर्यंत ही मुलं बहुधा एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेली असतात. त्यांना सरकारी कर्जही नाही आणि सेवेच्या अटीवरच्या शिष्यवृत्त्याही नाहीत. त्यांच्यासाठी कॉलेजचे स्वतःचे पैसे (टप्पा ३) आणि काही अटींवर फेलोशिप (टप्पा ६) एवढंच उरतं. म्हणून कॉलेज निवडतानाच विचारा : परदेशी विद्यार्थ्यांना घेता का, आणि घेत असाल तर तुमच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांचा विचार होतो का? पहिल्या प्रश्नाला हो म्हणणारी कॉलेजं कमी आहेत, दुसऱ्याला त्याहून कमी.

*सावधान :* इंडियन हेल्थ सर्व्हिसची शिष्यवृत्ती अमेरिकेतल्या मूळ निवासी जमातींच्या सदस्यांसाठी आहे. नाव वाचून भारतीय वंशाची मुलं अर्ज भरायला घेतात. तसंच 'अल्पसंख्याकांसाठी' असं लिहिलेल्या शिष्यवृत्तीची व्याख्या पूर्ण वाचा. वैद्यकीय क्षेत्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा गटांसाठी त्या असतात, आणि भारतीय वंशाचे विद्यार्थी त्यांत बहुधा बसत नाहीत.

टप्पा २ : कागदांची एक फाइल तयार करा

एका फोल्डरमध्ये हे सगळं हवं : गुणपत्रक, एक-दीड पानांचा सीव्ही, प्रवेशपत्र, नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा, स्वतःचे आणि पालकांचे कराचे कागद, आणि भरलेल्या फाफ्साची प्रत.

फाफ्सा हा सरकारी मदतीचा मूळ अर्ज. मेडिकलचा विद्यार्थी त्यात स्वतंत्र धरला जातो, म्हणून पालकांच्या उत्पन्नाचा भाग कोणी भरत नाही. कर्जापुरतं ते चालतं. पण काही कॉलेजं आणि केंद्रीय आरोग्य खात्याच्या काही योजना पालकांचं उत्पन्न मागतात, आणि ती माहिती नसेल तर तुमचं नाव गरजू विद्यार्थ्यांच्या यादीत येतच नाही. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला विचारून तो भाग भरा. आपल्याकडे 'आमचं उत्पन्न कशाला दाखवायचं' म्हणून बाबा अडून बसतात. त्यांना हा लेख दाखवा.

शिफारसपत्रं मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी मागा. मागताना सीव्ही, योजनेची माहिती आणि तुमच्याबद्दल कोणती गोष्ट लिहायला हवी त्याच्या चार ओळी सोबत द्या. कॉलेज प्रवेशाच्या वेळचं जुनं पत्र पुन्हा वापरू नका. 'या विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा' हे वाक्य त्यात राहून गेलेलं असतं.

*तपासणी :* पुढे जाण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा : वर्षाची फी, वर्षाचा राहण्याचा खर्च, आणि घरून नक्की मिळणारी रक्कम. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी कर्जाची नवी मर्यादाही लिहावी. २०२५च्या कायद्यानं नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस कर्ज (उरलेल्या सगळ्या खर्चासाठी मिळणारं सरकारी कर्ज) बंद केलं. मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाची कमाल मर्यादा आता वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. बऱ्याच खासगी डी.ओ. कॉलेजांची नुसती फीच वर्षाला ५०,०००च्या वर जाते. पूर्वी 'उरलेलं कर्ज काढू' म्हणता यायचं, आता नाही. खासगी कर्ज काढावं लागलं तर त्याला बहुतेक वेळा सहीला आईवडील लागतात.

टप्पा ३ : कॉलेजचे स्वतःचे पैसे

पहिला अर्ज इथेच करायचा. इथे स्पर्धा फक्त तुमच्या वर्गाची असते आणि बदल्यात नोकरीचा करार नसतो. प्रवेशाचं पत्र आल्यावर, जागेचे पैसे भरण्याआधी विचारा, कारण बोलणी करायची थोडीफार संधी असते ती तेव्हाच. दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला असेल तर दुसऱ्याची रक्कम नम्रपणे सांगायला काहीच हरकत नाही.

विचारायचं ते एवढं. ही रक्कम एका वर्षाची की चारही वर्षांची? दरवर्षी टिकवायला किती गुण लागतात? बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली तर यातून कापाल का?

सरकारी कॉलेजांत राज्याचे नियम वाचले तर मोठा फरक पडतो. फोर्ट वर्थचं टेक्सास कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन सरकारी आहे. टेक्सासच्या कायद्यानुसार सरकारी संस्थेनं बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती दिली, तर त्याला रहिवाशाची कमी फी लावता येते. हजार डॉलरच्या त्या शिष्यवृत्तीची खरी किंमत अनेक पटींनी जास्त असते. मात्र या कॉलेजचा अर्ज टेक्सासच्या स्वतंत्र पोर्टलवरून जातो, इतर डी.ओ. कॉलेजांच्या सामायिक पोर्टलवरून नाही. हे लक्षात न आल्यानं मुदत चुकते.

टप्पा ४ : सेवेच्या बदल्यात संपूर्ण फी

नागरिकांसाठी सर्वात मोठी रक्कम इथे आहे, आणि सर्वात मोठं बंधनही इथेच.

*नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर.* ही शिष्यवृत्ती फी, इतर शैक्षणिक खर्च आणि दरमहा भत्ता देते, जास्तीत जास्त चार वर्षं. बदल्यात जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं, पण किमान दोन, डॉक्टर कमी असलेल्या भागात सेवा करायची. विषय ठरलेले आहेत : फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार आणि त्यांना लागून असलेल्या थोड्या शाखा. मनात ऑर्थोपेडिक्स किंवा त्वचारोग असेल तर हा अर्ज करू नका. करार मोडला तर दिलेल्या रकमेच्या तिप्पट रक्कम व्याजासह भरावी लागते.

निबंधात मुलं 'मला लोकांची सेवा करायची आहे' असं लिहितात. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळं : तुम्ही कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वस्तीत, किती काळ काम केलं, आणि तिथे डॉक्टर टिकत का नाहीत याबद्दल तुम्हाला काय कळलं. आजोळच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुभव खरा असेल तर जरूर लिहा, पण त्याचा धागा अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण किंवा गरीब भागातल्या कामाशी जोडा. सेवा तिथे करायची आहे.

*सैन्यदलाची एच.पी.एस.पी.* लष्कर, नौदल आणि हवाईदल तिन्ही ही शिष्यवृत्ती देतात, आणि डी.ओ.ना ती एम.डी.इतकीच खुली आहे. पूर्ण फी, पुस्तकं-साहित्य, दरमहा भत्ता. रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, बहुधा सैन्याच्या रुग्णालयात करावी लागते आणि तिची निवड आधी सैन्याच्या स्वतंत्र मॅचमधून (जागावाटपातून) होते. लोक चुकतात ते एका मुद्द्यावर : रेसिडेन्सीची वर्षं परतफेडीत धरली जात नाहीत. प्रत्यक्ष सेवेचं घड्याळ त्यानंतर सुरू होतं. वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांना काही महिने लागतात, म्हणून कॉलेजचे अर्ज करतानाच भरती अधिकाऱ्याला भेटा. तो जे तोंडी सांगेल ते करारात कुठे लिहिलंय हे बोट ठेवून विचारा.

*सावधान :* या दोन्ही करारांवर सही मुलं करतात, आणि सेवाही त्यांनाच करायची आहे. कर्ज वाचावं म्हणून आईवडिलांनी आग्रह धरू नये. विशीतल्या मुलाला वयाच्या पस्तिशीत कुठे राहायचंय, याचं उत्तर त्याचं त्यालाच देऊ द्या.

*तपासणी :* पुढे टीचिंग फेलोशिप करायची थोडीही इच्छा असेल तर सही करण्याआधी विचारा : पदवी एक वर्ष लांबली तर चालेल का, त्या वर्षी भत्ता मिळेल का, परवानगी कोण देतं? या योजना चार वर्षांत पदवी मिळेल असं धरून चालतात. परवानगीशिवाय वर्ष वाढवणं म्हणजे करारभंगाच्या दारात उभं राहणं.

टप्पा ५ : संस्थांच्या लहान शिष्यवृत्त्या

यांना वेळ द्या, पण मोजून. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक फाउंडेशन, विद्यार्थी संघटना सोमाचं फाउंडेशन आणि राज्याराज्यांतल्या ऑस्टिओपॅथिक संघटना दरवर्षी काही शिष्यवृत्त्या देतात. राज्य संघटनेपासून सुरुवात करा. तुम्ही जिथे वाढलात ते राज्य आणि जिथे शिकता ते राज्य, दोन्हींकडे चौकशी करा. अर्जदार तिथे कमी असतात. संघटनेचं सदस्यत्व लागत असेल तर पहिल्या वर्षीच घ्या.

सगळ्यांसाठी दोन चांगले निबंध पुरतात : एक तुम्ही डी.ओ. का निवडलंत यावर, दुसरा तुम्ही केलेल्या एखाद्या ठोस कामावर. 'एम.डी.ला मिळालं नाही म्हणून' हे लपवण्यासाठी लिहिलेला निबंध वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि ते वाचणारे बहुतेक स्वतः डी.ओ. असतात. हातानं तपासणी करताना तुम्हाला रुग्णाबद्दल काय समजलं, असं एखादं उदाहरण द्या.

अर्जासाठी पैसे मागणारी 'शिष्यवृत्ती' दिसली की ती खिडकी बंद करा.

टप्पा ६ : टीचिंग फेलोशिप

बहुतेक गैरसमज हिच्याबद्दल आहेत, म्हणून इथे सावकाश जाऊ.

डी.ओ. विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत ओ.एम.एम., म्हणजे हातांनी निदान आणि उपचार करण्याचं तंत्र, प्रयोगशाळेत टेबलावर शिकतात. एकेका टेबलापाशी शिकवायला माणसं लागतात. त्यासाठी अनेक कॉलेजं वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना फेलो म्हणून घेतात. ॲनाटॉमी विभागातही अशा जागा असतात. नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं. न्यूयॉर्कच्या एन.वाय.आय.टी.मध्ये 'ॲकॅडेमिक मेडिसिन स्कॉलर' म्हणतात. काम साधारण सारखंच : प्रयोगवर्ग घेणं, प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी करून घेणं, विभागाच्या दवाखान्यात रुग्ण पाहणं, एक संशोधन पूर्ण करणं. बदल्यात फीमध्ये सवलत आणि भत्ता. आणि बहुतेक ठिकाणी चाराऐवजी पाच वर्षं.

६.१ हिशेब

फी माफ कोणत्या वर्षाची, हा पहिला प्रश्न. समजा फी वर्षाला ६०,००० डॉलर, राहण्याचा खर्च ३०,००० आणि भत्ता २०,००० आहे. माफी फक्त वाढलेल्या वर्षाची असेल, तर तुमचं काहीच वाचलं नाही. ते वर्ष घेतलं नसतं तर त्याची फीही नसती. उलट भत्त्यात न भागलेले १०,००० तुमच्या खिशातून गेले. माफी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या फीची असेल, तर ६०,००० वाचले आणि हे १०,००० वजा जाता ५०,००० हाती राहिले. दोन्ही कॉलेजांच्या जाहिरातीत शब्द एकच : 'फी माफी'.

दुसऱ्या बाजूला पूर्ण डॉक्टर म्हणून मिळणारा एका वर्षाचा पगार मागे पडतो. माझं स्पष्ट मत : फक्त पैशासाठी फेलोशिप घेऊ नये. जिला शिकवायला मनापासून आवडतं, जिला हात पक्के करायचे आहेत, जिला पुढे कॉलेजात शिकवायचंय किंवा ऑस्टिओपॅथिक न्यूरोमस्क्युलोस्केलेटल मेडिसिनमध्ये (हातांच्या उपचारांवर भर असलेल्या शाखेत) रेसिडेन्सी करायची आहे, तिच्यासाठी हे वर्ष सोन्याचं आहे.

६.२ तयारी, पहिल्या वर्षापासून

अर्ज साधारण दुसऱ्या वर्षात असतात, पण निवड करणारे प्राध्यापक तुम्हाला पहिल्या वर्षापासून पाहत असतात. प्रयोगवर्गात शेजारच्या जोडीला मदत करणारा विद्यार्थी त्यांच्या लक्षात राहतो. ओ.एम.एम.च्या विद्यार्थी क्लबमध्ये काम करा, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑस्टिओपॅथीच्या वार्षिक संमेलनाला, कॉन्व्होकेशनला, जमलं तर जा, आणि सध्याच्या फेलोंना त्यांचा आठवडा कसा जातो ते विचारा. गुण चांगले हवेतच. दुसऱ्या वर्षानंतरची कॉमलेक्सची (डी.ओ.च्या परवाना परीक्षेची) पहिली पातळी २०२२पासून फक्त पास-नापास आहे, पण नापास झालात तर फेलोशिप हातची जाऊ शकते. तिच्या अभ्यासावर कशाचंही अतिक्रमण होऊ देऊ नका.

६.३ मुलाखत आणि प्रात्यक्षिक

बऱ्याच ठिकाणी टेबलापाशी उभं करून 'हे तंत्र पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवा' असं सांगतात. तेव्हा हा क्रम सोडू नका : परवानगी विचारा, काय करणार ते साध्या शब्दांत सांगा, निदान करा, उपचार करा, आणि पुन्हा तपासा. शेवटची पायरी गाळणं ही नेहमीची चूक. आधी जी हालचाल अडत होती ती आता सुटली का, हे दाखवलंच पाहिजे. निदान सांगताना टार्टचे (TART, चार लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे) चारही भाग उच्चारा : ऊतींच्या पोतातला बदल, असमानता, हालचालीतला अडथळा, दुखरेपणा.

दुसरी चूक म्हणजे स्वतःचं कौशल्य दाखवत राहणं. तिथे शिकवण्याची परीक्षा असते. शिकणाऱ्याचा हात चुकीच्या जागी असेल तर तो ओढून बरोबर ठेवू नका. 'तुझ्या अंगठ्याखाली काय लागतंय?' असं विचारा. सराव करायचा तर ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसावर करा. घरातल्या आत्याला किंवा मामाला समजलं, तर पहिल्या वर्षाच्या मुलांना नक्की समजेल.

६.४ होकार देण्याआधी, ईमेलवर

तोंडी उत्तर घेऊ नका. हे प्रश्न लिहून पाठवा :

१. माफी कोणत्या वर्षाच्या फीची, आणि अधूनमधून रोटेशन (रुग्णालयातल्या विभागांतलं प्रशिक्षण) असेल तर ती कशी विभागली जाते?
२. त्या वर्षी माझी नोंद पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून राहील, की रजेवर की कर्मचारी म्हणून?
३. आरोग्य विमा कोण देतं?
४. भत्ता पगार म्हणून मिळेल का, आणि त्यातून कर कापला जाईल का?
५. रेसिडेन्सीसाठी कॉलेज जे पत्र पाठवतं त्यात हे वाढलेलं वर्ष कोणत्या शब्दांत लिहिलं जाईल?

दुसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. नोंद किमान अर्धवेळ विद्यार्थी म्हणून राहिली नाही, तर आधीच्या कर्जाचे हप्ते न भरण्याची सहा महिन्यांची सवलत तेव्हाच सुरू होते. ती पूर्ण वापरली गेली की पदवीनंतर पुन्हा मिळत नाही. आणखी एक नवी अडचण : ३० जून २०२६ रोजी शिकत असलेल्या आणि त्या अभ्यासक्रमासाठी आधीच सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या मर्यादेनं कर्ज घ्यायची मुभा आहे, पण ती जास्तीत जास्त तीन शैक्षणिक वर्षं किंवा उरलेला अभ्यासक्रम, यांत जे कमी असेल तेवढीच. फेलोशिपचं वाढीव वर्ष त्या खिडकीबाहेर पडू शकतं. आर्थिक मदत कार्यालयाकडून तुमच्या नावानं लेखी उत्तर घ्या.

एफ-१ विद्यार्थ्यांनी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. पगारी शिकवणं हे कॅम्पसवरचं काम धरलं जातं आणि सत्र चालू असताना त्याला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. आय-२०वरची (कॉलेजनं व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावरची) तारीखही वेळेत वाढवून घ्यावी लागते.

टप्पा ७ : पैसे मिळाल्यावर

बाहेरून मिळालेली प्रत्येक शिष्यवृत्ती कॉलेजला कळवा. सगळी मदत मिळून कॉलेजनं ठरवलेल्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही, आणि न कळवलेली रक्कम उघडकीला आली की वर्षाच्या मध्यात पैसे परत द्यावे लागतात. कळवतानाच विनंती करा की कपात आधी कर्जातून व्हावी, कॉलेजच्या अनुदानातून नको.

कराचा नियम थोडक्यात असा : फी आणि सक्तीची पुस्तकं-साहित्य यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्या-जेवण्यासाठीचा भत्ता करपात्र. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर आणि सैन्यदलाच्या शिष्यवृत्तीलाही हेच लागू : फी करमुक्त, मासिक भत्त्यावर कर. फेलोशिपच्या भत्त्यातून कर कापला जात नसेल तर प्रत्येक हप्त्यातला काही भाग वेगळ्या खात्यात टाका आणि अंदाजे कर तिमाहीनं भरा. त्याच्या तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी.